तिसऱ्या मिनिटाला मंदावणारी आरसी बोट : नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी बोट पाण्यात सोडली की पहिली दोन-अडीच मिनिटे सुसाट पळते. मग वेग उतरतो, गचके देते, कधी तलावाच्या मधोमध बंद पडते. काठाला आणून झाकण उघडले तर मोटरला हात लावून धरवत नाही आणि बॅटरी गरम, किंचित फुगलेली. थोडा वेळ थांबून पुन्हा सोडली की चालते आणि पुन्हा तेच होते. मग नवी बॅटरी घेतली जाते, जास्त ‘सी’ची (जास्त करंट देऊ शकणारी), जास्त एमएएचची (जास्त साठ्याची). काही दिवसांत तीही फुगते.

बॅटरी फुगली म्हणजे बॅटरीच वाईट निघाली, असे ठरवण्याची घाई करू नका. बोट प्रमाणाबाहेर करंट ओढत असेल, तर तो कुठे जातोय हे सापडेपर्यंत कितीही महाग पॅक लावा, त्याचीही तीच गत होणार. म्हणून खालच्या तपासणीत बॅटरी मुद्दाम उशिरा येते.

समोर धरली आहे ती हल्ली सर्रास दिसणारी बोट : साठ-सत्तर सेंटीमीटरची डीप-व्ही हल (खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाचे बोटीचे अंग), पाण्याने थंड होणारी ब्रशलेस मोटर, तसाच ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि ३एस, म्हणजे तीन सेलचा, ५००० एमएएचचा लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पॅक. लहान ब्रश मोटरवाल्या बोटींचेही थोडे पुढे आहे.

आरसी गाडीवरून बोटीकडे वळलेल्यांची गफलत इथेच होते. गाडी वळणावर, उतारावर, ब्रेक मारताना दम खाते. बोटीला तशी सवड नाही. थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर) सोडला की पाणी तिला लगेच रोखते, त्यामुळे ट्रिगर बहुतेक वेळ पूर्ण दाबलेलाच असतो. गाडीत नीट चाललेला पॅक बोटीत लवकर दमतो तो यामुळे.

आधी करंट काढा

साध्या मल्टीमीटरची मर्यादा १० अँपिअरची, त्याने हे काम होत नाही. बोट हातात धरून पाण्यात थ्रॉटल देण्याचा प्रकार तर करूच नका. हात प्रॉपजवळ (बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ) येतो, आणि धरून ठेवलेल्या बोटीचा आकडा पळत्या बोटीचा नसतो. सोपा मार्ग चार्जरमध्येच आहे. पॅक पूर्ण भरा, मोबाइलवर वेळ लावा, बरोबर ३ मिनिटे बोट नेहमीसारखी चालवा आणि थांबवा. पॅक थंड झाला की पुन्हा भरा आणि चार्जरने किती एमएएच आत घातले ते वाचा.

समजा ४००० आले. ४ अँपिअर-तास ३ मिनिटांत, म्हणजे ०.०५ तासात संपले : सरासरी ८० अँपिअर. ईएससीवर ६० लिहिलेले असेल तर बोट कुवतीबाहेर चालली आहे, दुसरा पुरावा नको. २००० आले तर सरासरी ४०. मग करंट ठीक आहे, आणि दोष थंडाव्यात, जोडणीत किंवा पॅकमध्ये शोधायचा.

याच आकड्यातून आणखी एक गोष्ट उघड होते. ८० अँपिअरने ५००० एमएएचचा पॅक पूर्ण रिकामा व्हायलाच पावणेचार मिनिटे लागतात, आणि लिपो ८० टक्क्यांच्या पुढे वापरायचा नसतो. म्हणजे ३ मिनिटांनंतर मंदावणारी बोट बिघडलेली नसून तिचा पॅक खरोखर संपत आला असण्याची शक्यता मोठी आहे. ईएससी व्होल्टेज उतरल्यामुळे शक्ती कापतो आणि आपण ते गरमीचे काम समजतो.

दोन्हींतला फरक काठावरूनच ओळखता येतो. थ्रॉटल सोडून दहा-वीस सेकंदांनी पुन्हा दिला आणि बोट थोडी पळून पुन्हा पडली, तर व्होल्टेज. भार हटला की पॅकचे व्होल्टेज वर येते, भार आला की कोसळते. पण काही मिनिटे काहीच प्रतिसाद नाही आणि थंड झाल्यावर सगळे सुरळीत, तर ईएससीची तापमान-कपात. ईएससीच्या माहितीपत्रकात दिव्याच्या लुकलुकण्याचा किंवा बीपचा अर्थ दिलेला असतो. तो एकदा वाचून ठेवा.

कोण तापलंय?

बोट काठाला आली की मिनिटभराच्या आत झाकण उघडून एकेका भागाचे तापमान बघा. उशीर केला तर आतली उष्णता सगळीकडे पसरते आणि मूळ जागा कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो आणि या छंदात तो हवाच. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची बंदूक सहसा शरीराच्या तापमानापुरतीच मोजते. तिच्यात ‘सरफेस’चा पर्याय असेल तरच चालेल. मोटरच्या चकचकीत अॅल्युमिनियमवर रोखलात तर हे थर्मामीटर खरे तापमान दाखवत नाहीत, बरेच कमी दाखवतात. तिथे मास्किंग टेपचा किंवा काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा.

लिपो ६० अंशांच्या पुढे जाता कामा नये. मोटरचा पृष्ठभाग ७०च्या आत राहावा असा माझा आग्रह आहे. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबके ८० अंशांच्या आसपास आपली ताकद कायमची गमवायला लागतात, आणि स्वस्त मोटरमध्ये कोणती प्रत घातली आहे ते बाहेरून कळत नाही. शिवाय ही चुंबके आतल्या फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर असतात, आणि तो बाहेरच्या कवचापेक्षा गरमच असतो. कवचाभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटने वेटोळी थंड होतात, रोटरपर्यंत तो थंडावा फारसा पोचत नाही. चुंबक एकदा कमजोर झाले की मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते, आणखी तापते. मोकळी फिरवल्यावर पूर्वीपेक्षा जास्त आवाजात भणभणणारी आणि पाण्यात मात्र संथ झालेली मोटर बहुधा या वाटेवर असते. ती बदलायलाच लागते.

मोटर कडक गरम आणि ईएससी कोमट असेल तर शाफ्ट (मोटरपासून प्रॉपपर्यंतचा दांडा) किंवा प्रॉपकडे जा. ईएससी गरम आणि मोटर ठीक असेल तर पाण्याची नळी आणि बॅटरीच्या वायरींची लांबी पाहा. कनेक्टर सर्वांत गरम असेल तर उत्तर सापडले. फक्त पॅक गरम आणि बाकी सगळे शांत, तर पॅक म्हातारा झालाय किंवा लहान पडतोय. आणि सगळेच गरम असेल तर प्रॉप मोठा आहे किंवा सेल जास्त आहेत.

प्रॉप : इथे थोडा वेळ द्या

प्रॉप फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या. कागदावर कोरडे वाटणारे हे वाक्य अनेक मोटरी जाळून जाते. ४० मिमीच्या जागी त्याच घडणीचा ४४ मिमीचा प्रॉप लावला, फरक चार मिलिमीटरचा, डोळ्यांना धड दिसतही नाही. पण १.१चा पाचवा घात १.६१. तेवढ्याच फेऱ्यांना ६१ टक्के जास्त शक्ती लागणार.

सेल वाढवण्याचेही असेच. २००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला २००० फेरे मारणारी) मोटर ३एसवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, भाराविना मिनिटाला २२,२०० फेरे मारते, ४एसच्या १४.८ व्होल्टवर २९,६००. फेरे एक तृतीयांश वाढले, पण प्रॉप तोच ठेवला तर शक्तीची मागणी साधारण २.३७ पट होते. भाराखाली फेरे उतरतात म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी, तरी दुपटीच्या आसपास धराच. ‘३एसवर मस्त चालत होती, ४एस लावली आणि दुसऱ्याच दिवशी ईएससीतून धूर आला’ ही हकिगत याच गणिताची आहे. डब्यावर ‘३एस–४एस’ छापलेले असते ते ईएससी किती व्होल्ट सोसेल यापुरते. कंपनीने दिलेला प्रॉप दोन्हींवर चालेल असे त्यातून निघत नाही. ४एस लावायचीच असेल तर प्रॉप लहान करा आणि पहिली फेरी मिनिटभराचीच ठेवा.

करंट जास्त निघाला तर पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय प्रॉप दोन-तीन मिलिमीटरने उतरवणे हाच. बोट फार हळू होईल ही भीती बहुतेक वेळा खोटी ठरते. मोठ्या प्रॉपखाली दबलेली मोटर फेरे धरू शकत नव्हती, लहान प्रॉपवर ती मोकळी फिरते. मला विचाराल तर नव्या पॅकवर पैसे घालण्याआधी वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन प्रॉप घेऊन ठेवावेत.

प्रॉपच्या सोबतीने बोट पाण्यावर कशी बसते तेही बघा. डीप-व्हीचा तोल मागच्या कडेपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर असावा. पॅक पुढे सरकवून ठेवला तर नाक खाली जाते, हलचा जास्त भाग पाण्याला चिकटतो आणि करंट वाढतो. जड पॅक घेतल्यावर तो कुठे ठेवला याकडे कोणी बघत नाही. झाकणाच्या फटीतून किंवा जॅकेटच्या ओ-रिंगमधून आत आलेले पाणीही वजनच असते. बोट काढल्यावर आत किती पाणी आहे ते दर वेळी बघा.

शाफ्ट आणि त्याला गुंडाळलेले काहीही

बॅटरी काढून प्रॉप हाताने फिरवा. चुंबकांमुळे लागणारे ठरावीक अंतरावरचे हलके टप्पे चालतील. घासल्याचा, एका जागी अडकल्याचा अनुभव आला तर कॉलेट (मोटर आणि शाफ्ट जोडणारी पकड) सैल करून मोटर वेगळी करा आणि दोन्ही स्वतंत्र फिरवून बघा. दोष कोणात आहे ते अर्ध्या मिनिटात कळते.

फ्लेक्स शाफ्ट (पिळाच्या तारेचा, वाकणारा) असेल तर तो प्रत्येक दिवसाअखेर बाहेर ओढून, पुसून, पाण्यात न धुतले जाणारे मरीन ग्रीस लावून परत घालायचा. हे रोजचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. कोरडा शाफ्ट ट्यूबमध्ये घासून तापतो आणि मोटरची शक्ती तिथेच खातो. दुसरे, स्ट्रट (बोटीमागचा शाफ्टचा आधार) आणि ड्राइव्ह डॉग (प्रॉपला फिरवणारी शाफ्टवरची कडी) यांच्यात २-३ मिमीची फट हवी. भार आला की फ्लेक्स शाफ्ट पिळला जाऊन किंचित आखूड होतो. फट नसेल तर डॉग स्ट्रटच्या बुशवर दाबून बसतो आणि ब्रेक लावून बोट चालवल्यासारखे होते. जमिनीवर सगळे मोकळे फिरते, पाण्यात मात्र करंट चढतो, त्यामुळे हा दोष भल्याभल्यांना सापडत नाही. स्ट्रटच्या टोकाशी काळी चिकट भुकटी किंवा घासल्याची चमक दिसली तर इथेच बघा.

आपल्याकडच्या तलावांवर गळ टाकणारे असतातच. तुटलेला तंगूस प्रॉपच्या मागे त्याच फटीत गुंडाळला जातो आणि पारदर्शक असल्यामुळे दिसत नाही. नखाने चाचपून बघा. शेवाळ आणि जलपर्णीची मुळे निदान दिसतात. पवई असो की रंकाळा, जलपर्णी पसरलेली असेल त्या बाजूला बोट नेऊच नका, आणि अडकलीच तर थ्रॉटल देऊन सोडवायचा प्रयत्न करू नका. अडकलेल्या प्रॉपवर पूर्ण थ्रॉटल म्हणजे काही सेकंदांत ईएससी जाणे. मधोमध बंद पडलेल्या बोटीमागे पाण्यात उतरणे तर कोणत्याही किमतीला नको. जलपर्णीत पट्टीचा पोहणाराही अडकतो. टेनिसचा चेंडू बांधलेली गळाची दोरी सोबत ठेवा. बोटीच्या पलीकडे फेकून हळूहळू ओढता येते.

जोडण्या

८० अँपिअरला एक मिलिओहमही लहान नसतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. कच्च्या सोल्डरमुळे एका सांध्याचा रोध ४ मिलिओहम झाला तर तिथे ८० गुणिले ८० गुणिले ०.००४, म्हणजे २५ वॉटहून जास्त उष्णता तयार होते. घरातली साधी २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न बंद हलमध्ये चालू ठेवल्यासारखेच हे. सोल्डर हळूहळू मऊ होते, सांधा आणखी बिघडतो.

एक्सटी६० कनेक्टर नावाप्रमाणे फार तर ६० अँपिअरचा धरला जातो. सरासरीच त्याच्या पुढे जात असेल तर एक्सटी९० किंवा ईसी५ लावा. पिन काळवंडल्या असतील, प्लास्टिक पिवळसर झाले असेल, कनेक्टर पूर्वीपेक्षा सहज निघत असेल तर बदला. सोल्डर मंद, खडबडीत दिसत असेल तर पुन्हा करा, आणि जाड वायरीला लहान आयर्न पुरत नाही, ६० वॉटच्या पुढची घ्या.

वायर वाढवायची वेळ आली तर बॅटरी आणि ईएससी यांच्यामधली वाढवू नका, ईएससी आणि मोटर यांच्यामधली वाढवा. बॅटरीकडची वायर लांब झाली की व्होल्टेजचे चढउतार वाढतात आणि ईएससीतले कपॅसिटर ते सोसता सोसता तापून फुटतात. अर्ध्या थ्रॉटलवर हा ताण जास्त असतो. म्हणून ‘बोट तापते, हळू चालवू’ हा उपाय उलटही पडतो, त्यात हळू चालताना पाणीही आत खेचले जात नाही.

पाणी खरोखर फिरतंय का

बहुतेक बोटींत पंप नसतो. सुकाणूतल्या किंवा तळातल्या छिद्रातून बोटीच्या वेगानेच पाणी आत ढकलले जाते, ईएससी आणि मोटरमधून जाऊन बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते. पळत्या बोटीच्या कुशीतून धार दिसली पाहिजे. पहिल्या फेरीत वेग बघण्याआधी ती धार बघा. दिसत नसेल तर बोट परत.

काठावर मोठ्या सिरिंजने सुकाणूच्या छिद्रातून पाणी सोडा. दुसऱ्या टोकाला सहज बाहेर आले पाहिजे. अडले तर नळ्या एकेक सोडवत जा. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यातली गाळाची गुठळी बहुधा ईएससीच्या बारीक नळीत सापडते. सिलिकॉनची नळी वळणावर मुडपते, आणि थंड असताना मोकळी वाटली तरी गरम झाल्यावर दबते; वळणावर स्प्रिंग चढवली की प्रश्न मिटतो. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात चालवलीत तर घरी येऊन याच सिरिंजने गोडे पाणी फिरवा.

पण करंट ८० असताना मोठे जॅकेट किंवा दुसरी नळी बसवून सुटका होत नाही. पाणी मोटर आणि ईएससीची उष्णता नेईल, पॅकपर्यंत ते जातच नाही.

आता पॅक

सेलनिहाय अंतर्गत रोध दाखवणारा चार्जर वापरा. आकडे वेगवेगळ्या चार्जरवर वेगळे येतात, म्हणून एकाच चार्जरवर, पॅक साधारण सारख्या तापमानाला असताना मोजा आणि सेलची एकमेकांशी तुलना करा. या मापाच्या निरोगी पॅकमध्ये सेलमागे दोन-तीन मिलिओहम दिसतात. समजा दमलेल्या पॅकमध्ये ८ आले. तीन सेलचे २४ मिलिओहम, ८० अँपिअरला १.९ व्होल्ट आतल्या आतच गळणार आणि दीडशे वॉट उष्णता पॅकच्या पोटात. त्याला पंखा किंवा पाणी पुरे पडणार नाही.

एक सेल कमजोर असेल तर ईएससीला ते कळत नाही. तो एकूण व्होल्टेज बघतो. कपात ९.६ व्होल्टवर लावली आहे आणि दोन सेल ३.५ वर, तिसरा २.६ वर, बेरीज ९.६. ईएससीच्या हिशेबी सगळे ठीक, तिसरा सेल मात्र ३ व्होल्टच्या सुरक्षित मर्यादेच्या खूप खाली. पॅक एका बाजूने फुगतो तो असा. दोन-तीनशे रुपयांचा सेल चेकर पॅकच्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलच्या वायरी येतात त्या लहान प्लगला) लावून प्रत्येक फेरीनंतर बघा. ‘सी’च्या आकड्यावर विसंबू नका, ५००० एमएएच आणि ५०सी म्हणजे २५० अँपिअर, पण मी त्याच्या अर्ध्याहून जास्त धरत नाही.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी हवाच ४२-४५ अंश असते. पॅक तिथूनच निघतो, ६० पर्यंत हातात पंधरा-अठरा अंश उरतात. जानेवारीच्या सकाळी चाळीसहून जास्त उरतात. तीच बोट, तोच प्रॉप, उन्हाळ्यात फुगवते आणि हिवाळ्यात काही होत नाही, त्यामागे हेच असते. उन्हाळ्यात पहाटे चालवा, पॅक बंद गाडीत ठेवू नका. आणि ४५ अंशांवर असलेला पॅक चार्जरला लावू नका. फेरीनंतर हाताला अगदी साधा लागेपर्यंत थांबा.

पावसाळ्यात बोटी कपाटात जातात, पॅक मात्र रविवारच्या तयारीने पूर्ण भरलेले राहतात. ४.२ व्होल्टवर महिने काढलेला लिपो न वापरताच फुगतो. चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाचा पर्याय असतो, तो सेल ३.८ च्या आसपास आणून ठेवतो. पावसाळा लागला की तेवढे कराच.

फुगलेला पॅक टाचणीने टोचून चपटा करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आग लागते. मोकळ्या जागेत, फरशीवर, मोटरसायकलच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्टचा बल्ब जोडून तो पूर्ण रिकामा होऊ द्या आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. चांगले पॅकही हलच्या आत चार्ज करू नका, आणि चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नका.

लहान ब्रश मोटरवाल्या बोटींना हेच नियम लागू आहेत, फक्त आकडे लहान. त्यांच्यात अनेकदा तळाला दोन धातूचे टिपके असतात. पाण्याचा स्पर्श झाल्याशिवाय मोटर चालू होत नाही. टेबलावर चालत नाही म्हणून उघडून बसू नका. टिपके काळवंडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा. मोटर गरम होऊन जळका वास येत असेल तर मोटर बदलणेच परवडते.

दुरुस्ती झाल्यावर पहिली फेरी एका मिनिटाची. धार बघा, आणा, कनेक्टर, ईएससी, मोटर, पॅक या क्रमाने मोजा. सगळे आटोक्यात असेल तर पुन्हा तीच ३ मिनिटांची चाचणी. समजा चार्जरने ४००० ऐवजी २४०० घातले, तर सरासरी ८० वरून ४८ वर आली. वापरायच्या ४००० एमएएचला आता ५ मिनिटे मिळतात. ट्रान्समीटरचा टायमर साडेचारला लावा, आणि प्रॉप, पॅक किंवा पॅकची जागा बदलली की ही चाचणी नव्याने करा.